सॉकेटचा पत्ता: फुकट कुठला, भाड्याचा कुठला, महागात पडणारा कुठला

सर्व्हर प्रोग्राम सुरू झाला की त्याला आधी पत्ता लागतो. सॉकेट उघडायचं, बाइंड करून त्याला आयपी आणि पोर्ट द्यायचा, लिसन करायचं आणि येणाऱ्याची वाट बघायची. १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्सबरोबर ही पद्धत बाहेर आली आणि लिनक्सपासून विंडोजपर्यंत आजही तीच चालते. बाइंड करायला कोणी एक पैसाही मागत नाही. तरी महिनाअखेरीस क्लाउडच्या बिलात ‘पब्लिक आयपीव्ही४’ अशी ओळ येते, ब्रॉडबँडवाला स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे सांगतो, आणि एखाद्याचा अख्खा डेटाबेसच चोरीला जातो. या तिन्ही गोष्टींचं मूळ एकाच निर्णयात आहे: हा पत्ता किती लांबून दिसला पाहिजे?

छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवणारे, दुकानात किंवा दवाखान्यात बिलिंगचा सर्व्हर बसवून देणारे आणि नेटवर्क प्रोग्रामिंग शिकणारे यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. नियम एकच लक्षात ठेवा. तुमच्या प्रोग्रामशी बोलणारा जिथे बसला आहे, तिथपर्यंतच पोचणारा पत्ता घ्या. त्याहून लांब पोचणारा घेतलात तर पैसे जातात नाहीतर धोका वाढतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही होतं.

खालचे डॉलरमधले दर कंपन्यांच्या जाहीर दरपत्रकांतले आहेत. रुपयांत आणताना एक डॉलर ९० रुपयांना धरला आहे. जीएसटी १८ टक्के, तो वेगळा.

थोडक्यात दरपत्रक

- लूपबॅक, म्हणजे १२७.०.०.१: शून्य रुपये. पोहोच त्याच मशीनपुरती.
- युनिक्स डोमेन सॉकेट (आयपीऐवजी फाइलचा मार्ग): शून्य रुपये. पोहोच त्याच मशीनपुरती, वर फाइलच्या परवानग्यांचं कुलूप.
- खासगी आयपी, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०: शून्य रुपये. पोहोच घरातल्या किंवा ऑफिसातल्या नेटवर्कपुरती.
- ०.०.०.०, म्हणजे मशीनवरचे सगळे आयपीव्ही४ पत्ते: बिल शून्य, धोका सर्वांत जास्त.
- क्लाउडवरचा पब्लिक आयपीव्ही४: तासाला ०.००५ डॉलर. ७३० तासांच्या महिन्याला ३.६५ डॉलर, म्हणजे सुमारे ३२९ रुपये, जीएसटीसह सुमारे ३८८.
- ब्रॉडबँडवरचा स्टॅटिक आयपी: कंपनी, शहर आणि प्लॅननुसार दर वेगळा. विचारायचे प्रश्न पुढे दिले आहेत.
- आयपीव्ही६: मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे पत्त्याचं वेगळं भाडं नाही.
- पोर्ट: कुठलाही घ्या, शून्य रुपये.

बाइंड केल्यावर हातात काय पडतं?

आयपी पत्ता म्हणजे व्यापारी संकुल, पोर्ट म्हणजे त्यातला गाळा. बाइंड केलं की कर्नल त्या गाळ्यावर तुमच्या सॉकेटचं नाव लिहितो. एका प्रोटोकॉलसाठी एका पत्त्यावर असे ६५,५३६ क्रमांक असतात. टीसीपीचे वेगळे, यूडीपीचे वेगळे.

इथे एक अट आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बरेच पैसे वाया जातात. जो पत्ता बाइंड करायचा तो आधीपासून मशीनच्या एखाद्या नेटवर्क इंटरफेसवर असला पाहिजे. बाइंडमुळे नवा पत्ता तयार होत नाही. मशीनवर नसलेला पत्ता दिलात तर ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ अशी त्रुटी येते.

एडब्ल्यूएस किंवा गूगल क्लाउडवर पब्लिक आयपी घेतलेले नवखे लोक हमखास इथे अडकतात. पैसे भरलेला पत्ता ते कॉन्फिगरेशनमध्ये लिहितात आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. कारण तो पब्लिक पत्ता तुमच्या व्हर्च्युअल मशीनवर नसतोच. मशीनकडे फक्त खासगी पत्ता असतो आणि दोघांमधलं भाषांतर क्लाउडचं नेटवर्क बाहेरच्या बाहेर करतं. अशा वेळी खासगी पत्ता बाइंड करायचा. आयपी बदलून घ्यायची किंवा दुसरा विकत घ्यायची गरज नाही. मशीनवर खरोखर कुठले पत्ते आहेत ते लिनक्सवर ‘आयपी अ‍ॅड्रेस’ या कमांडने दिसतं.

स्वतःहून बाहेर कनेक्शन करणाऱ्या क्लायंटला बाइंड करायची सहसा गरज नसते. कनेक्ट म्हटलं की योग्य पत्ता आणि मोकळा पोर्ट कर्नलच निवडतो. अपवाद एक आहे. पेमेंट गेटवे, बँकेचा एपीआय किंवा एसएमएस पाठवणारी सेवा यांतल्या अनेकांना तुमचा ठरलेला आयपी आधी कळवावा लागतो आणि दुसऱ्या पत्त्यावरून आलेली विनंती ते नाकारतात. मशीनवर दोन-तीन पत्ते असतील तर कनेक्ट करण्याआधी त्यांतला कळवलेला पत्ता (क्लाउडवर असाल तर त्याला जोडलेला खासगी पत्ता) बाइंड करा, पोर्ट मात्र शून्य ठेवा.

फुकटातले पत्ते आधी वापरून संपवा

डेटाबेस, कॅशे, डेव्हलपमेंट सर्व्हर, एनजिनएक्सच्या मागे चालणारं अ‍ॅप: या सगळ्यांशी बोलणारा प्रोग्राम त्याच मशीनवर असतो. त्यांना १२७.०.०.१ पुरतो. लिनक्सवर तर १२७ ने सुरू होणारे सगळेच पत्ते लूपबॅक आहेत, १ कोटी ६७ लाखांहून जास्त. दोन प्रकल्पांना एकच पोर्ट हवा असेल तर एकाला १२७.०.०.२ आणि दुसऱ्याला १२७.०.०.३ द्या, भांडण मिटलं. मॅकवर १२७.०.०.१ तेवढा तयार मिळतो, बाकीचे आधी स्वतः जोडून घ्यावे लागतात.

युनिक्स डोमेन सॉकेट हा दुसरा फुकट पर्याय. इथे पत्ता म्हणजे फाइलचा मार्ग, आणि लिनक्सवर त्यासाठी १०८ बाइटांचीच जागा असते. कोण बोलू शकेल हे फाइलच्या परवानग्यांवरून ठरतं, त्यामुळे फायरवॉलचा प्रश्न येत नाही. फक्त प्रोग्राम बंद पडल्यावर ती फाइल मागे राहते. पुढच्या वेळी बाइंड करण्याआधी ती काढून टाकली नाही तर ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ हे ऐकावं लागतं.

दुकानातला बिलिंग सर्व्हर आणि काउंटरवरची तीन मशीनं एकाच राउटरवर असतील, तर खासगी पत्त्याने काम भागतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘आरएफसी १९१८’ने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते यासाठी राखून ठेवले. ते कोणीही, कितीही वापरावेत. अडचण येते ती राउटरने सकाळी वेगळाच पत्ता दिला तर. बाइंड कालच्या पत्त्यावर लिहिलेलं असतं, सर्व्हर उठत नाही, आणि दुकानदार बसवून देणाऱ्याला फोन लावतो. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये त्या मशीनचा पत्ता राखून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने भेटीच्या फेऱ्या वाचतात.

पब्लिक आयपीव्ही४ विकत का घ्यावा लागतो?

आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे जगात सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास पत्ते, आणि त्यांतले बरेच राखीव. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच विभागीय नोंदणी संस्थांना वाटून झाले. आपल्या आशिया-प्रशांत भागाची संस्था एपनिक त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या गटावर आली आणि तेव्हापासून रेशनिंग सुरू झालं. भारतात हे वाटप निक्सीच्या अखत्यारीतली आयआरआयएनएन ही संस्था बघते. पण तिच्याकडे जाण्याची गरज इंटरनेट सेवा देणाऱ्यांना आणि मोठ्या संस्थांना पडते. २५६ पत्त्यांपेक्षा लहान गट इंटरनेटवर सहसा राउट होत नाही. एक-दोन पत्ते हवे असणाऱ्याने क्लाउड किंवा ब्रॉडबँड कंपनीकडूनच भाड्याने घ्यावेत.

क्लाउडवरचा हिशेब

१ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ साठी तासाला ०.००५ डॉलर घेतं. तो सर्व्हरला जोडलेला असो की नुसता पडून असो, दर तोच. वर्षाला ४३.८० डॉलर, म्हणजे ३,९४२ रुपये, जीएसटीसह सुमारे ४,६५२. गूगल क्लाउड आणि अ‍ॅझ्युअर यांचा वापरातल्या साध्या पत्त्याचा दरही तासाला ०.००५ डॉलरच आहे. जर्मनीची हेट्झनर महिन्याला अर्धा युरो घेते आणि तो नको असेल तर नुसत्या आयपीव्ही६ वर मशीन देते.

एका पत्त्याचं भाडं फार नाही. बिल फुगतं ते न मोजलेल्या पत्त्यांनी. एडब्ल्यूएसचा बाहेरून पोचता येणारा अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर किमान दोन झोनमध्ये ठेवावा लागतो आणि प्रत्येक झोनमध्ये एक पब्लिक पत्ता घेतो. म्हणजे दोन सर्व्हर आणि एक लोड बॅलन्सर असं साधं काम असलं, आणि सर्व्हरनाही सवयीने पब्लिक पत्ते दिले, तर चार पत्ते झाले: महिन्याला १४.६० डॉलर. लोड बॅलन्सरमागच्या सर्व्हरना बाहेरून कोणीच थेट बोलावत नाही. त्यांचे दोन पत्ते काढले तर ७.३० डॉलर उरतात.

इथेच एक फसवी बचत आहे. पब्लिक पत्ता काढला की त्या सर्व्हरना बाहेर जाता येत नाही, अपडेट येत नाहीत. मग कोणी तरी त्यांना एकाच पब्लिक पत्त्यावरून बाहेर सोडणारा नॅट गेटवे बसवतो. व्हर्जिनिया विभागात त्याचा दर तासाला ०.०४५ डॉलर, म्हणजे महिन्याला ३२.८५ डॉलर. त्याच्या स्वतःच्या पब्लिक पत्त्याचे ३.६५ वेगळे, आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे ०.०४५ डॉलर आणखी वेगळे. ७.३० वाचवायला गेलात आणि ३६.५० भरलेत. मुंबई विभागाचा नॅट गेटवेचा दर वेगळा आहे, तो दरपत्रकात बघून घ्या. गणिताची दिशा मात्र तीच राहते.

छोट्या सेटअपला दोन स्वस्त मार्ग आहेत. पब्लिक पत्ते राहू द्या आणि सिक्युरिटी ग्रुपमधून, म्हणजे क्लाउडच्या फायरवॉलमधून, बाहेरून येणारी वाट पूर्ण बंद करा, किंवा सर्व्हरना आयपीव्ही६ देऊन ‘एग्रेस-ओन्ली’ गेटवेतून बाहेर सोडा. त्या गेटवेचं भाडं नाही. एडब्ल्यूएसच्या एस३ स्टोरेजकडे जाणाऱ्या डेटासाठी ‘गेटवे एंडपॉइंट’ही फुकट मिळतो. नॅट गेटवे परवडतो तो दहा-वीस सर्व्हरनी एकाच ठरलेल्या आयपीवरून बाहेर दिसायला हवं असेल तेव्हा, म्हणजे वर सांगितलेली बँकेला आयपी कळवण्याची गरज असेल तेव्हा.

घर-ऑफिसच्या ब्रॉडबँडवर स्टॅटिक आयपी घ्यावा का?

आधी एक तपासणी करा. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ काय आहे ते बघा, आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसतो तो पत्ता त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही एकच असतील तर तुमच्याकडे आधीच पब्लिक पत्ता आहे, फक्त तो अधूनमधून बदलत असेल. अशा वेळी डकडीएनएससारखी फुकट डायनॅमिक डीएनएस सेवा आणि राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग यांवर भागतं.

दोन्ही वेगळे असतील, विशेषतः वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. कंपनीने एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटला आहे. एप्रिल २०१२ मध्ये हा पट्टा नेमका याच कामासाठी राखून ठेवला गेला. इथे राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कोणी येऊ शकत नाही, कारण अडथळा कंपनीच्या बाजूला आहे.

मग तीन वाटा उरतात. घरून ऑफिसचा सर्व्हर बघण्यापुरतंच काम असेल तर टेलस्केलसारखं व्हीपीएन घ्या, वैयक्तिक वापराला फुकट आहे. एखादं संकेतस्थळ बाहेर दाखवायचं असेल तर क्लाउडफ्लेअर टनेल घ्या. तोही फुकट, मात्र डोमेनचे पैसे तुमचे. टनेलमध्ये तुमचा प्रोग्राम १२७.०.०.१ वर बसूनही चालतो, कारण बाहेर जाणारं कनेक्शन तुमच्या मशीनवरून सुरू होतं. तिसरी वाट स्टॅटिक आयपीची. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, शाखांना जोडणारं साइट-टू-साइट व्हीपीएन किंवा समोरच्या संस्थेला ठरलेला आयपी कळवण्याची अट असेल तरच ती घ्या.

स्टॅटिक आयपी घेण्याआधी हे प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच मागा:

१. हा पत्ता खरोखर पब्लिक आहे की सीजीनॅटच्या आतलाच ‘न बदलणारा’ पत्ता आहे?
२. दर महिन्याचा की वर्षाचा? जीएसटी धरून किती? वर्षाच्या मध्ये सोडला तर परतावा मिळेल का?
३. त्यासाठी महागडा बिझनेस प्लॅन घ्यावा लागेल का? लागत असेल तर खरा खर्च म्हणजे आयपीचा दर अधिक दोन प्लॅनमधला फरक.
४. बाहेरून येणारे ८०, ४४३ आणि २५ हे पोर्ट उघडे आहेत का?
५. मेल सर्व्हर चालवायचा असेल तर रिव्हर्स डीएनएसची नोंद करून मिळेल का?
६. जागा बदलली किंवा प्लॅन बदलला तर तोच पत्ता राहील का?
७. आयपीव्ही६ चा गट मिळतो का आणि तो कायम राहतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर कदाचित स्टॅटिक आयपीव्ही४ घ्यावाच लागणार नाही.

आयपीव्ही६: भाडं नाही, पण अटी आहेत

आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. २०१६ मध्ये आलेल्या जिओच्या ४जी नेटवर्कचा त्यात मोठा वाटा. तुमचे ग्राहक मुख्यतः मोबाइलवरून येत असतील तर त्यांच्यातले बरेच आयपीव्ही६ वरून येऊ शकतात. ऑफिसांचं ब्रॉडबँड मात्र अजून सगळीकडे तयार नाही. म्हणून सर्वांसाठीच्या संकेतस्थळाला दोन्ही द्या. आतल्या-आतल्या सर्व्हरना नुसता आयपीव्ही६ चालतो.

बाइंड करताना दोन कोलन, म्हणजे ‘::’, लिहिलं तर लिनक्सवर नेहमीच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ बरोबर आयपीव्ही४ चीही कनेक्शनं त्याच सॉकेटवर येतात. विंडोजवर तसं होत नाही, तिथे तो फक्त आयपीव्ही६ चा पत्ता असतो. दोन्ही ठिकाणी सारखं वागणं हवं असेल तर ‘व्ही६-ओन्ली’ हा ऑप्शन स्वतः लिहून ठेवा. ‘एफई८०’ ने सुरू होणारा पत्ता बाइंड करताना इंटरफेस सांगावाच लागतो. आणि फायरवॉलचे नियम आयपीव्ही६ साठी वेगळे लिहिले आहेत का ते पाहा. आयपीव्ही४ चा दरवाजा लावून आयपीव्ही६ चा उघडा ठेवलेली मशीनं कमी नाहीत.

पोर्ट फुकट, पण नियमांचा

१०२४ च्या खालचे पोर्ट लिनक्सवर विशेष अधिकाराशिवाय मिळत नाहीत, ‘परमिशन डिनाइड’ येतं. त्यावर अख्खा प्रोग्राम रूट म्हणून चालवणं हा सर्वांत महाग उपाय, कारण प्रोग्राममधल्या एका फटीतून पूर्ण मशीन हातचं जातं. फुकट उपाय तीन: पुढे एनजिनएक्स ठेवून आपलं अ‍ॅप ८०८० वर चालवा, ‘सेटकॅप’ने त्या एकाच प्रोग्रामला खालचे पोर्ट बाइंड करायचा अधिकार द्या, किंवा पोर्ट सिस्टमडीला उघडू द्या आणि तयार सॉकेट प्रोग्रामकडे सोपवा. २०१७ च्या लिनक्स ४.११ पासून ही १०२४ ची मर्यादाच सेटिंगमधून खाली आणता येते.

सी भाषेत लिहिणाऱ्यांसाठी एक इशारा. पोर्टचा आकडा ‘एचटूएनएस’ने नेटवर्कच्या बाइट क्रमात न आणता दिला तर बाइंड तक्रार करत नाही. नेहमीच्या इंटेल मशीनवर ८०८० ऐवजी सॉकेट ३६८९५ वर जाऊन बसतो आणि ग्राहक ८०८० वर दार ठोठावत राहतात. असा अनोळखी पोर्ट दिसला तर फायरवॉलवर संशय घेण्याआधी ही ओळ तपासा.

टेस्ट लिहिताना पोर्ट शून्य द्या. मोकळा पोर्ट कर्नल शोधतो आणि ‘गेट सॉक नेम’ विचारलं की तो कुठला ते कळतं. सामायिक बिल्ड सर्व्हरवर ‘पोर्ट आधीच वापरात’ म्हणून अडकणाऱ्या टेस्ट याने थांबतात.

वेळेची किंमत: एक मिनिट आणि २८ हजार पोर्ट

सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ येतं. आधी बंद झालेली टीसीपी कनेक्शनं लिनक्सवर ६० सेकंद ‘टाइम-वेट’ अवस्थेत राहतात, हे त्याचं कारण. उपाय फुकट आहे: बाइंडच्या आधी ‘रीयूज-अ‍ॅड्रेस’ हा ऑप्शन लावा. बाइंड झाल्यावर लावून उपयोग नाही. विंडोजवर मात्र याच नावाच्या ऑप्शनमुळे दुसरा प्रोग्राम तुमचाच पोर्ट बळकावू शकतो, म्हणून तिथल्या सर्व्हरसाठी ‘एक्सक्लुझिव्ह-अ‍ॅड्रेस-यूज’ लावायचा. एकाच पोर्टवर मुद्दाम अनेक प्रोसेस बसवायच्या असतील तर ‘रीयूज-पोर्ट’ आहे. तो लिनक्स ३.९ पासून, म्हणजे २०१३ पासून मिळतो.

दुसरी बाजू बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांची. लिनक्स त्यांना नेहमीच्या सेटिंगमध्ये ३२७६८ ते ६०९९९ यांतले पोर्ट देतं, एकूण २८,२३२. प्रत्येक कनेक्शन बंद झाल्यावर ६० सेकंद अडकून राहिलं, तर एका आयपीवरून समोरच्या एकाच आयपी-पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० नवी कनेक्शनं होतात. त्यापुढे पोर्ट संपतात. इथे आणखी आयपी भाड्याने घ्यायचा सल्ला मिळतो. तो ऐकण्याआधी कनेक्शन पुलिंग किंवा कीप-अलाइव्ह सुरू करा. तेच कनेक्शन पुन्हा वापरलं की प्रश्न बहुतेक वेळा तिथेच संपतो. क्लायंट स्वतः पत्ता बाइंड करत असेल तर ‘बाइंड-अ‍ॅड्रेस-नो-पोर्ट’ हा ऑप्शन लावा. लिनक्स ४.२ पासून असलेल्या या सोयीने पोर्टची निवड कनेक्टपर्यंत लांबते आणि वेगवेगळ्या ठिकाणी जाणाऱ्या कनेक्शनांना तोच पोर्ट पुन्हा वापरता येतो.

बिलात न दिसणारा खर्च

०.०.०.० वर बाइंड करणं सोपं पडतं, म्हणून शिकवण्यांत आणि नमुना कोडमध्ये तेच सापडतं. त्याचा अर्थ मशीनवर आज असलेला आणि उद्या जोडला जाणारा प्रत्येक आयपीव्ही४ पत्ता. उद्या कोणी त्या मशीनला पब्लिक आयपी जोडला आणि फायरवॉल आड नसली तर तुमचा डेटाबेस जगासमोर येतो, तुम्ही कोडची एक ओळही न बदलता.

जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून त्यांच्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी न सांगता फक्त लोकलहोस्टवर बाइंड होऊ लागला. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा मारा झाला. त्यासाठी वापरलेले मेमकॅश सर्व्हर हल्लेखोरांचे नव्हते. यूडीपी पोर्ट ११२११ जगासाठी उघडा ठेवलेले ते भलत्यांचेच सर्व्हर होते. १.५.६ आवृत्तीत मेमकॅशने यूडीपी मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली.

भारतात याला कायद्याचा आकडाही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते.

डॉकर वापरणाऱ्यांनी विशेष सावध राहावं. ‘८०८०:८०’ असं लिहून पोर्ट उघडला की तो नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळ्या पत्त्यांवर उघडतो, आणि उबुंटूच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलने अडवलेला दिसत असूनही बाहेरून पोचता येतो, कारण डॉकर आपले नियम वेगळे लिहितो. ‘१२७.०.०.१:८०८०:८०’ असं लिहा. दहा अक्षरं जास्त, पैसे शून्य.

तुमच्यासाठी काय?

*विद्यार्थी:* लूपबॅक, १०२४ च्या वरचा पोर्ट. खर्च शून्य. मित्राला दाखवायचं असेल तर टनेल. स्टॅटिक आयपी घेऊ नका.

*दुकान, दवाखाना, एकच जागा:* खासगी पत्ता, राउटरवर राखून ठेवलेला. सर्व्हर त्याच पत्त्यावर बाइंड, डेटाबेस लूपबॅकवर. घरून बघायला व्हीपीएन. व्यवसायासाठी त्याचा फुकट प्लॅन चालतो का ते अटींत वाचा.

*दोन-तीन शाखा:* मुख्य शाखेत एकच स्टॅटिक आयपी किंवा क्लाउडवर एकच छोटं मशीन, बाकीच्या शाखा व्हीपीएनने तिथे जोडलेल्या. प्रत्येक शाखेला वेगळा स्टॅटिक आयपी विकणाऱ्याला कारण विचारा.

*क्लाउडवरचं स्टार्टअप:* पब्लिक पत्ते फक्त लोड बॅलन्सरला, अ‍ॅप खासगी पत्त्यावर, डेटाबेस तर बाहेर नाहीच. नॅट गेटवे घेण्याआधी वरचं गणित स्वतःच्या आकड्यांनी करा.

शेवटी एक काम आजच करा. लिनक्स मशीनवर ‘एसएस -एलटीएनपी’ ही कमांड चालवा, यूडीपीसाठी ‘एसएस -एलयूएनपी’. ऐकत बसलेले सगळे सॉकेट पत्त्यासकट दिसतात. ज्या ओळीच्या ‘लोकल अ‍ॅड्रेस’ रकान्यात ०.०.०.०, तारांकन किंवा नुसते दोन कोलन दिसतील, तिथे विचारा: याला बाहेरून बोलावणारा नेमका कोण आहे? नाव सांगता आलं नाही तर बाइंड बदलून लूपबॅकवर आणा. मग क्लाउडचं बिल उघडा, पब्लिक आयपीव्ही४ चे तास ७३० ने भागा आणि येणारा आकडा खरोखर गरज असलेल्या पब्लिक पत्त्यांच्या यादीशी ताडून पाहा. बिलातले पत्ते यादीपेक्षा जास्त निघाले तर तेवढे सोडून द्या. प्रत्येकामागे वर्षाला जीएसटीसह साडेचार हजारांहून जास्त रुपये वाचतील.